फ्रेटलेस बेस आणि पिकवरचा अघोषित बहिष्कार

फ्रेटलेस बेस हाती घेणाऱ्याला सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो: पिक बाजूला ठेव, हे वाद्य बोटांनीच वाजवायचं असतं. सल्ला देणारा कारण क्वचितच सांगतो, आणि सांगितलंच तर ती कारणं ठरलेली असतात. पिकने नाद कडक होतो, फ्रेटलेसचा तो गाणारा स्वर मरतो, लाकडी फिंगरबोर्ड खराब होतो, आणि मुळात कोणत्या मोठ्या वादकाने हे वाद्य पिकने वाजवलं आहे? फ्रेट असलेल्या बेसवर हा वाद केव्हाच मिटला. तिथे पॉल मॅकार्टनी, कॅरोल के, ख्रिस स्क्वायर पिक घेऊन उभे आहेत, तर समोर जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवतो आहे, आणि दोन्ही बाजूंचा मोठेपणा सगळे मान्य करतात. फ्रेट काढले की मात्र एक बाजू गप्प होते. हा बहिष्कार बहुतांशी परंपरेतून आला आहे, ध्वनिशास्त्रातून त्याचा थोडाच भाग आला आहे, आणि तो थोडा भागसुद्धा वाद्याविषयी नसून स्वर किती लांब धरायचा याविषयी आहे, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायचं तर आधी ही परंपरा कशी घडली ते पाहायला हवं.

लिओ फेंडरने 1951 साली बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक बेसचं मोठं आकर्षण त्याचे फ्रेट हेच होतं. डबल बेसवर वर्षानुवर्षं घासल्यावर जो सूर नेमका लागतो, तो इथे फ्रेटमागे बोट ठेवलं की मिळत होता. ते फ्रेट पुन्हा काढण्याची बुद्धी फार लवकर झाली. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने 1961 मध्ये एका स्वस्त बेसचे फ्रेट उपटून काढले. नवे बसवायचा बेत होता, पण नाद आवडला आणि वाद्य तसंच राहिलं. 1966 मध्ये ॲम्पेग कंपनीने कारखान्यातूनच फ्रेटलेस बेस काढला, 1970 मध्ये फेंडरनेही. तरी या वाद्याला चेहरा मिळाला तो 1976 मध्ये. त्या एका वर्षात जॅको पॅस्टोरियसचा स्वतःच्या नावाचा अल्बम आला, तो वेदर रिपोर्ट या गटात दाखल झाला आणि जोनी मिचेलच्या ‘हेजिरा’वरही वाजला. त्याच्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा बुजवलेल्या होत्या, आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तशा इपॉक्सीचा थर दिलेला होता. तो ब्रिजजवळच्या पिकअपपाशी तर्जनी आणि मध्यमेने वाजवायचा. त्याच्यानंतर फ्रेटलेस घेणारा प्रत्येक जण त्याचं अनुकरण तरी करत होता किंवा त्याच्यापासून मुद्दाम दूर तरी जात होता. पण दूर जाणारेही बोटांवरच राहिले: ‘जपान’ या गटाचा मिक कार्न, पॉल यंगच्या 1983 च्या गाण्याने जगाला माहीत झालेला पिनो पॅलाडिनो, पॉल सायमनच्या 1986 च्या ‘ग्रेसलँड’वरचा सोवेटोचा बाकिथी कुमालो.

ही नावं मोठी आहेत, पण त्यांच्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो कच्चा आहे. इलेक्ट्रिक बेसकडे माणसं दोन वाटांनी आली. गिटारवरून आलेल्यांनी पिक सोबत आणलं आणि त्यांना फ्रेट हवेच होते, कारण त्यांचा डावा हात फ्रेटवर तयार झालेला होता. डबल बेसवरून आलेल्यांनी, किंवा ज्यांच्या कानात डबल बेस होता त्यांनी, बोटांनी तार ओढण्याची सवय आणली, आणि फ्रेट नसलेल्या पट्टीची भीती त्यांनाच सर्वांत कमी होती. पिकवाले फ्रेटलेसकडे फारसे फिरकले नाहीत. एक तंत्र एखाद्या वाद्यावर हरलं असं म्हणायला आधी ते तिथे गंभीरपणे वापरलं जावं लागतं. ते इथे फारसं झालं नाही. म्हणून नामावळी दाखवून वाद संपवता येत नाही. फ्रेटलेसचा नाद कशाने होतो हे आधी विचारावं लागतं.

या प्रश्नाचं उत्तर मराठी वाचकाला इंग्लिश वाचकापेक्षा लवकर उमगेल, कारण जवारी आपल्या कानाला ठाऊक आहे. तानपुऱ्याची तार रुंद, किंचित वक्र घोडीवरून जाते आणि कंप पावताना त्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्शत राहते. त्या स्पर्शाने वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात आणि नाद भरून येतो. मिरजेचे कारागीर घोडी तासून हेच नेमकं साधतात. फ्रेटलेस बेसवर हेच काम फिंगरबोर्ड करतो. फ्रेट असलेल्या बेसवर तार धातूच्या एका बारीक कडेवर टेकते आणि तिथून मोकळी होते. फ्रेटलेसवर बोटापुढची तार रुंद, जवळपास सपाट लाकडाच्या अगदी लगत धावते, त्याला घासते, सुटते, पुन्हा घासते. त्यातून आघातानंतर थोडा फुलत जाणारा तो नाद निघतो, ज्याला पाश्चात्त्य वादक ‘म्वा’ म्हणतात. म्हणजे फ्रेटलेसचा आत्मा तार, लाकूड आणि डावा हात यांच्या संबंधात आहे. तारांची उंची, लाकडाचा कठीणपणा, तार गुंडाळीची आहे की सपाट, आणि डाव्या बोटाचा दाब कसा आहे, यावर तो ठरतो. उजवा हात त्याला चालना देतो. चालना कशाने दिली हा त्यानंतरचा प्रश्न.

आता तानपुरा उघड्या बोटाच्या मांसल भागाने छेडतात आणि सतार नखीने, म्हणजे तारेच्या मिजराबने. जवारी दोन्हीकडे आहे. सतारीच्या तारेवर धातूचा टोकदार आघात होतो म्हणून तिची जवारी मेली असं कोणी म्हणत नाही; उलट त्या आघातानेच वरचे स्वरांश भरपूर जागे होतात आणि घोडीला उमलवायला काहीतरी मिळतं. पण सतारीला तर पडदे, म्हणजे फ्रेट, आहेत, अशी कोणी हरकत घेईल. मग सरोद पाहा. पडदा एकही नाही, डाव्या हाताची नखं गुळगुळीत पोलादी पट्टीवरून सरकतात, आणि उजव्या हातात नारळाच्या करवंटीचा जवा. सरोदची मींड ऐकून कोणाला ती कोरडी वाटली असेल तर तो दोष जव्याचा नव्हे. मुंबईच्या झरीन दारूवाला यांचं सरोद मैफलीत वाजलं तसंच हिंदी चित्रपटसंगीतातही वाजलं. अरबी ऊदला पडदे नाहीत आणि तो लांबट रीशाने वाजवतात. पूर्वी त्यासाठी गरुडाचं पीस वापरत. जपानच्या शामिसेनला पडदे नाहीत, उजव्या हातात तळव्याएवढी बाची असते, आणि तिच्या सर्वांत खालच्या तारेला जवारीसारखी झणझण मुद्दाम दिलेली असते. पडदे नसणं, जवारी असणं आणि कठीण वस्तूने छेडणं या तिन्ही गोष्टी एकाच वाद्यात सुखाने नांदतात. बेसच्या जगात त्या परस्परविरोधी ठरल्या याला लाकूड आणि तार जबाबदार नाहीत.

यावर गंभीर आक्षेप असा की ही वाद्यं उंच स्वराची आणि अल्पजीवी आसेची आहेत. बेसची तार जाड, जड आणि दीर्घकाळ वाजणारी असते, तेव्हा तिथला नियम वेगळा. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या जवळच आहे. पनवेलजवळ पळस्पे इथे ज्यांचं गुरुकुल उभं राहिलं त्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि नखी सोडून दिली. रुद्रवीणेला पडदे असले तरी तिचा प्राण तार खेचून काढलेल्या दीर्घ मींडेत आहे, आणि त्या संथ आलापात आघाताची किनार त्यांना नको होती. पण त्याच काळात उस्ताद असद अली खाँ तीच वीणा नखीने वाजवत होते, आणि त्यांच्या जोडात जो ठाशीव, खणखणीत बोल येतो तो उघड्या बोटांतून आला नसता. वाद्य एक, तारा जड, आस दीर्घ, आणि दोन थोर वादकांनी दोन उत्तरं दिली. यातलं एक चूक ठरवण्याचं धाडस जाणकार करणार नाही. दोघांच्या उत्तरांतून एवढं मात्र नक्की दिसतं की स्वर जितका लांब आणि संथ, तितका मांसल बोटाकडे कल. बोल जितका लयबद्ध आणि ठसठशीत, तितका नखीकडे. बेसविषयी मला जे म्हणायचं आहे ते याहून फार वेगळं नाही.

आघाताच्या क्षणी नेमकं काय होतं ते थोडं खोलात पाहण्यासारखं आहे. बोटाचं टोक रुंद आणि मऊ असतं. ते तारेचा बराच भाग एकदम व्यापतं आणि सोडतानाही गोलाईने सोडतं, त्यामुळे लहान लांबीच्या लहरी, म्हणजे वरचे स्वरांश, जन्मतःच दबतात. पिकचं टोक अरुंद आणि कठीण; ते तारेला एका बिंदूत कोन देऊन सोडतं, आणि वरचे स्वरांश मोकळे सुटतात. फ्रेटलेसवर याचा परिणाम फ्रेटवाल्या बेसपेक्षा वेगळा होतो, आणि चर्चेत नेमकं हेच राहून जातं. फ्रेटवर तारेचं दुसरं टोकही धातूवर असतं, म्हणून पिक लावलं की दोन्हीकडून चमक येते. फ्रेटलेसवर ते टोक डाव्या हाताच्या मांसल बोटाखाली आहे आणि ते बोट उंच स्वरांश सतत शोषून घेतं. उजवं बोट मऊ, डावं बोटही मऊ, असा दुहेरी मऊपणा एकल स्वरात फार सुंदर लागतो. पण ड्रम, दोन गिटार आणि कीबोर्ड यांच्या गर्दीत तो स्वर कधी सुरू झाला हे श्रोत्याला कळेनासं होतं. डाव्या हाताने जे घेतलं त्यातलं थोडं पिक परत देतं. त्यामुळे फ्रेटलेसवरचं पिक फ्रेटवाल्या बेसवरच्या पिकइतकं कडक वाजतच नाही. जो नाद आपण फ्रेटवाल्या बेसवर ऐकला त्याचीच भीती फ्रेटलेसवर बाळगणं हा गैरसमज आहे.

मग खरी अडचण कुठे आहे? माझ्या मते ती सुरात आहे. 34 इंची, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला अर्धस्वर साधारण 48 मिलिमीटरवर येतो. सप्तकभर वर गेलं की अर्धस्वराची जागा त्याच्या निम्मी होते. बोट 2 मिलिमीटर सरकलं तर खाली सुमारे 4 सेंटची चूक होते आणि सप्तकावर सुमारे 8 सेंटची. अर्धस्वर 100 सेंटचा. म्हणजे वरच्या भागात नखभर चुकलं की स्वर कणसूर होतो. शिवाय बेसचा खालचा स्वर कानाला कळतो तो मुख्यतः त्याच्या वरच्या स्वरांशांवरून. सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची वारंवारता जेमतेम 41 हर्ट्झ आहे, ती लहान स्पीकरमधून येतच नाही. तरी आपल्याला स्वर ओळखू येतो, कारण कान वरच्या अंशांवरून खालचा स्वर जुळवून घेतो. हे अंश जितके स्पष्ट तितका स्वर स्पष्ट, आणि तितकीच चूकही स्पष्ट. बोटांचा गोल आघात सुरुवातीचा क्षण झाकतो, आणि त्या झाकल्या क्षणात वादक बोट किंचित फिरवून, थोडं हलवून स्वरावर येतो. पिक ती सवलत देत नाही. पहिल्याच क्षणी स्वरस्थान उघडं पडतं. फ्रेटलेसवर पिक ‘वाईट लागतं’ असं जे म्हटलं जातं त्यातला मोठा भाग हा असावा: वाईट लागत असतो तो सूर, आणि पिक तो ऐकू आणतं. ही पिकची उणीव नाही. रियाजात याहून प्रामाणिक परीक्षक दुसरा मिळणं अवघड आहे.

फिंगरबोर्ड खराब होतो हा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. लाकडावर चरे पडतात ते गुंडाळीच्या तारा डाव्या हाताखाली, विशेषतः आंदोलन देताना, लाकडावर घासल्यामुळे. जॅकोच्या पट्टीवर इपॉक्सीचा थर होता तो याचसाठी. पिक तारेला पिकअपच्या आसपास भेटतं, जिथे फिंगरबोर्ड संपलेला असतो. कोणी पट्टीच्या शेवटावर जाऊन जोरात पिक मारत असेल तर गोष्ट वेगळी. पिक गुंडाळीवर घासल्याची खरखर हा आक्षेप खरा आहे, पण सपाट तारा आणि पिकचा जवळपास सरळ कोन यांनी ती पुष्कळ कमी होते. तारा दाबून ठेवण्याचा प्रश्न याहून मोठा आहे. बोटांनी वाजवताना अंगठा आणि मोकळी बोटं न वाजणाऱ्या तारांवर आपोआप विसावतात. पिक धरलं की ही सोय जाते आणि तळव्याची कड व डाव्या हाताची मोकळी बोटं यांच्यावर सगळा भार येतो. फ्रेटलेसवर मोकळी तार शेजारी गुणगुणत राहिली आणि दाबलेला स्वर तिच्याशी किंचित जरी न जुळला तर डोल ऐकू येतो. इथे बोटांची बाजू वरचढ आहे, हे मान्य करायला हवं.

बोटांची बाजू आणखी एका बाबतीत भक्कम आहे, आणि ती लपवली तर युक्तिवाद लंगडा होईल. गर्दीच्या संगीतात फ्रेटलेस ऐकू येण्यासाठी पिक लागतंच असं नाही. डेथ या गटाच्या 1993 च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’वर स्टीव्ह डिजॉर्जियोने अतिवेगवान मेटल फ्रेटलेस बेसवर बोटांनी वाजवलं, आणि त्याचा प्रत्येक स्वर गिटारच्या भिंतीतून बाहेर येतो. पण मग उलट बाजूचाही पुरावा त्याच न्यायाने मोजला पाहिजे. स्टीव्ह स्वॅलोने 1970 च्या सुमारास डबल बेस सोडून इलेक्ट्रिक बेस घेतला आणि पिक धरलं. जॅझमधला इतका गेय, इतका मृदू बेस फार थोड्यांचा आहे. त्याच्या बेसला फ्रेट आहेत हे खरं, पण पिक म्हणजे कडकपणा हे समीकरण त्याच्या एका अल्बमने मोडतं. ओजेजच्या 1973 च्या ‘फॉर द लव्ह ऑफ मनी’ची गाजलेली ओळ पिकने वाजवणारा अँथनी जॅक्सन गरजेप्रमाणे पिक, बोटं आणि तळवा टेकवून अंगठा असे तिन्ही मार्ग वापरत असे. त्याने कोणत्याही एका पंथाची शपथ घेतली नाही, आणि फ्रेटलेसवाल्यांनी घ्यावा असा धडा मला त्याच्यात दिसतो.

शिवाय पिक आणि बोटं यांच्यामधलं अंतर समजतो तितकं मोठं नाही. तार कुठे छेडली याने नाद जितका बदलतो तितका तो अनेकदा कशाने छेडली याने बदलत नाही. ब्रिजपासून 10 सेंटिमीटरवर छेडलेली मोकळी तार म्हणजे तिच्या लांबीच्या सुमारे नवव्या भागावरचा आघात. डाव्या हाताने सप्तकभर वर गेल्यावर तीच जागा चौथ्या भागाच्या जवळ येते आणि नाद बोथटतो. वर जाताना उजवा हात ब्रिजकडे सरकवणं ही पिक आणि बोटं दोघांनाही लागू असलेली गोष्ट आहे, आणि ती न शिकवता पिकविषयी मत देणं उतावळेपणाचं आहे. पिकही एक नसतं. युकुलेलीवाले वापरतात तसं फेल्टचं पिक बोटाच्या फार जवळ जातं. पातळ प्लास्टिकचं पिक फडफडतं आणि बेसच्या जाड तारेवर निरुपयोगी ठरतं. जाड, गोलसर टोकाचं पिक तारेवर सर्वांत भरीव लागतं. तळवा ब्रिजवर अर्धवट टेकवून जाड पिकने काढलेला आखूड स्वर, पुढे डाव्या हाताने थोडा सरकवलेला, हा नाद बोटांनी मिळत नाही आणि फ्रेटवाल्या बेसवरही मिळत नाही. फ्रेटलेसच्या शब्दसंग्रहातली ही जागा जवळपास रिकामी पडली आहे, ते केवळ फारसं कोणी तिथे गेलं नाही म्हणून.

तेव्हा निवाडा असा. संथ, गायनाच्या अंगाने जाणाऱ्या, आंदोलन देत धरलेल्या स्वरांसाठी बोटं हा पहिला पर्याय राहील आणि राहावा. तिथे आघाताची किनार अडथळा ठरते आणि बाकीच्या तारा शांत ठेवणंही सोपं जातं. आखूड, लयीला बांधलेल्या, ड्रमच्या ठोक्याशी घट्ट बसणाऱ्या स्वरांसाठी पिकला तितकाच हक्क आहे, आणि ते नाकारायला लाकूड, तार किंवा कान यांपैकी कशाचाही आधार नाही. शिकवणाऱ्यांनी ‘फ्रेटलेसवर पिक नको’ हे वाक्य नियम म्हणून सांगणं थांबवावं. ज्यांच्याकडे हे वाद्य आहे त्यांनी सपाट तारा चढवाव्यात, जाड गोल टोकाचं एक पिक घ्यावं, तळवा ब्रिजवर टेकवावा आणि एखादा साधा अलंकार पिकने व बोटांनी असा दोन्हींनी ध्वनिमुद्रित करून लागोपाठ ऐकावा. त्यात सूर चुकलेला ऐकू आला तर पिक ठेवून देऊ नका, डावा हात दुरुस्त करा.